फाट्यावरचा माणूस

सिग्नेट, टास्मानिया
मंगळवार, ४ मार्च

प्रिय रेक्स,

तू बरा असशील असं धरून चालते. आयव्हीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं मॉरीनकडून कळलं. बायकोला म्हणावं, डॉक्टर काहीही म्हणोत, पहिला महिनाभर जिन्याच्या वाटेला जाऊ नकोस. तिच्यासाठी जॅमच्या दोन बरण्या वेगळ्या पाठवते आहे. इकडे सगळं ठीक. सफरचंदं यंदा लवकर उतरली, कुत्र्याने शेजाऱ्यांची आणखी एक कोंबडी मारली आणि माझी पाठ दुखते. तू हिवाळ्यासाठी आणून टाकलेली लाकडं मागच्या दारी रचलेली आहेत तशीच आहेत. मी त्यांना हात लावलेला नाही.

तुझं घड्याळ दुरुस्त झालं, तेही या पत्राबरोबर येतंय. डबी आधी उघडू नकोस, पत्र पुरतं वाच. तू ऐकणार नाहीस, माहीत आहे. पण सांगायचं काम माझं.

क्लबच्या रविवारच्या मोटरसायकल फेरीला येतोयस ना? मॉरीन म्हणाली, नवी जर्मन गाडी आणणार आहेस. बघितला मी फोटो. सीटखाली शेगडी, हँडलला शेगडी, समोर टीव्ही. त्यापेक्षा दिवाणखानाच चालवत आणायचास की! माझी मतं तुला ठाऊक आहेत. वारा तोंडावर बसला नाही आणि पाणी बुटात गेलं नाही, तर माणूस घरातून निघालाच नाही असं मी धरते. माझ्या अर्नीची जुनी इंग्लिश गाडी मी विकलेली नाही. तेल गाळत उभी असते शेडमध्ये. दर शनिवारी किक मारते. चालू होते बिचारी, पण आधी शिव्या खाते.

परदेशाबद्दलही आपलं कधी पटलं नाही. तू आधी हॉटेलं ठरवणार, मग रस्ते. मी आणि अर्नी आधी रस्ता ठरवायचो आणि मग जिथे अंधार पडेल तिथे दार वाजवायचो. एक गोष्ट मात्र मला तुझी आवडायची. प्रत्येक देशातून तू एकच घड्याळ आणायचास, आणि तेही रस्त्यात सापडलेलं. मोठ्या शहरातल्या दुकानातलं नाही. पोर्तुगालच्या न्हाव्याकडचं, व्हिएतनाममधल्या बोटवाल्याच्या हातातलं. दर खेपेला ते माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर यायचं, मी उघडायची, आणि तू लहान मुलासारखा भिंग मागायचास.

न्यूझीलंडहून मात्र तू रिकाम्या हाताने आलास. आठवतं? क्लबात सगळे हळहळले. 'बघा बिचारा रेक्स, मित्राच्या दुःखात घड्याळसुद्धा बघितलं नाही त्याने!' मीच म्हटलं होतं ते, सगळ्यांत मोठ्याने. माझ्याच तोंडाने मी तुला साधू केलं.

आता जरा फेरीच्या नियमाचं बोलते. तुला तो पाठ आहे, तूच शिकवलास आम्हाला, पण 'मी विसरलो होतो' असं म्हणायची सोय तुला राहू नये म्हणून लिहिते. फाटा आला की पुढारी जमिनीकडे बोट करतो. त्याच्या मागे जो असेल त्याने तिथे थांबायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला वळण दाखवायचं. शेपूट, म्हणजे सगळ्यांत मागचा गडी, येऊन मान हलवत नाही तोवर जागा सोडायची नाही. गारा पडोत, लघवी लागो, भूकंप होवो. आणि फाट्यावर कोणी उभं नसेल, तर? तर वळायचं नाही, सरळ जायचं. नकाशा काढायचा नाही, डोकं चालवायचं नाही. फाट्यावरच्या माणसावर विश्वास, एवढाच तो नियम.

न्यूझीलंडला त्या दिवशी लिंडिसची खिंड उतरलो तेव्हा बर्फाचं पाणी पडत होतं. वॅनाकाच्या फाट्यावर पुढारी मॉरीनने बोट केलं आणि तू थांबलास. मी मधे कुठेतरी होते. मी तुझ्या जवळून वळले, तू हात केलास, मीही केला. म्हणूनच तर मला तुझं सगळं खरं वाटलं. शेपटाला अर्नी होता. खिंडीत कोणाची तरी बॅग सुटली होती, ती बांधून द्यायला तो थांबला होता, म्हणून बराच मागे राहिला. तो फाट्यावर आला आणि सरळ गेला. पुष्कळ पुढे गेल्यावर त्याला शंका आली असणार. उलटा फिरला, आम्ही काळजीत असू म्हणून घाईने. आणि त्या ओल्या वळणावर मेंढ्यांच्या ट्रकखाली गेला.

त्या संध्याकाळी तू माझे हात धरून म्हणालास, "मी तिथेच होतो, ग्वेन. हात हलवला, ओरडलो. त्याने बघितलंच नाही गं. झोपेत असल्यासारखा गेला." आणि ढसाढसा रडलास. मी तुला थोपटलं, रेक्स! नवरा माझा गेला होता आणि मी तुला थोपटत होते.

पुढे तू काय केलंस? अंत्यविधीला भाषण केलंस, 'वय कोणाला चुकलंय' म्हणालास. क्लबात ठराव मांडलास, सत्तरीपुढच्या कोणाला शेपटाला ठेवायचं नाही. पोरं त्याला 'अर्नीचा नियम' म्हणायला लागली. कोणी चहाचा कप विसरला तरी 'अर्नी झाला रे तुझा!' मी त्या खोलीत बसलेली असायची. माझा अर्नी, ज्याने जन्मात एक वळण चुकवलं नाही, तो थट्टेचा विषय झाला. हे तू केलंस. आणि वर दर हिवाळ्यात माझ्या दारात लाकडं आणून टाकलीस.

जानेवारीत मी बहिणीकडे मेलबर्नला गेले नव्हते. क्राइस्टचर्चला गेले, भाड्याची जपानी गाडी घेतली आणि एकटीच खिंडीत गेले. मला फक्त तो फाटा बघायचा होता. तिथे उभं राहून बघायचं होतं की जागा माणूस तिथून सरळ जाऊच कसा शकतो. स्वच्छ ऊन होतं. फाट्यापासून हाकेच्या अंतरावर एक दुकान आहे, लोकर, जुनी भांडी, चहा. तुला ठाऊकच आहे. मी चहा घ्यायला आत गेले.

मालकीण इस्ला, माझ्याच वयाची. मी टास्मानियाची म्हटल्यावर म्हणाली, "अगंबाई! तुमच्याकडचा एक मोटरसायकलवाला माझ्या वडिलांचं घड्याळ घेऊन गेला होता. नखशिखांत भिजलेला. गाडी मागच्या छपराखाली लावून आत आला, काचेच्या कपाटात घड्याळ दिसलं आणि त्याची नजरच हलेना."

मी विचारलं, कधी? तिने सांगितलं. हिवाळ्याच्या तोंडावर, बर्फाचं पाणी पडत होतं त्या दिवशी.

"मी म्हटलं त्याला," इस्ला म्हणाली, "अहो, बाहेर तुमच्यातला एक जण आला बघा, इकडेतिकडे बघतोय. तर भिंग डोळ्याला लावून म्हणतो कसा, 'जाऊ दे हो, रस्ता ठाऊक आहे त्याला.'"

रेक्स, अर्नी त्या फाट्यावर थांबला होता. इकडेतिकडे बघत होता. तुला शोधत होता. कोणी दिसलं नाही, म्हणून नियमाप्रमाणे सरळ गेला. तो झोपेत नव्हता आणि म्हातारा झाला नव्हता. त्या अख्ख्या रस्त्यावर तो एकटाच शहाणा होता. मी इस्लाच्या दुकानात खुर्चीवर बसून अशी रडले की तिने दुकान बंद केलं.

रडून झाल्यावर मी घड्याळाबद्दल विचारलं. काळी डायल, लाल सेकंद काटा, आणि चारच्या आकड्यापाशी बाहेरच्या धातूच्या केसला खोल खाच. तिच्या वडिलांचा हात फाटकाच्या साखळीत अडकला होता तेव्हाची. तुझ्याकडे असलं घड्याळ मी पाहिलेलं नव्हतं. पुरावा हातात नसताना कोणाला काय सांगणार, म्हणून तशीच परत आले. आणि परमेश्वराची लीला बघ, पुढच्याच महिन्यात तू माझ्या दारात उभा! "लॉन्सेस्टनच्या लिलावात मिळालं, ग्वेन. दोन वर्षं कपाटात पडून आहे, आता मागे पडायला लागलंय. दुसऱ्या कोणाकडे देत नाही मी, ते लेकाचे पॉलिश मारून ठेवतात."

मी घड्याळ हातात घेतलं आणि चारपाशी बोट फिरवलं. खाच होती. मी तुला चहा दिला, शिंपल्यांची पाई गरम करून दिली. तू दोनदा घेतलीस. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते. माझ्या स्वयंपाकघरात बसलेला तेव्हा पहिल्यांदा बघितला.

आता डबी उघड.

आतलं यंत्र मी नीट साफ केलं आहे. तेल दिलं, झिजलेलं चाक बदललं, वेळ अचूक दाखवतंय. माझ्या हातून वाईट काम होत नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही. पण बाहेरून मी त्याला पॉलिश केलंय. फिरत्या कापडी बफच्या चाकावर सकाळभर धरलं. कारखान्याने घासून आणलेल्या त्या बारीक रेघा, ज्या तू भिंगातून बघत बसायचास, गेल्या. धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या. काट्यांवरचा तो जुना लोण्याच्या रंगाचा लेप, ज्याच्यासाठी तुम्ही लोक जीव टाकता, खरवडून काढला आणि नवा हिरवा भरला. अंधारात आता जत्रेतल्या खेळण्यासारखं चमकेल. डायल धुऊन पुन्हा रंगवून घेतली. खाच तेवढी ठेवली.

जगात कोणालाही दाखव, तो म्हणेल, वा, काय नवंकोरं करून दिलं बाईंनी! तक्रार कुठे करशील? घड्याळं जमवणारे तेवढे बघतील आणि मान फिरवतील. या जन्मात ते पूर्वीसारखं होणार नाही. मला वाईट वाटलं का? इस्लाच्या वडिलांसाठी वाटलं. तिला फोन करून आधी विचारलं मी. ती म्हणाली, "मार गं पॉलिश."

गेल्या शनिवारी तू होबार्टला आयव्हीपाशी होतास तेव्हा मी क्लबातल्या सगळ्यांना माझ्या शेडमध्ये बोलावलं. फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि इस्लाला बोलायला सांगितलं. तिने सगळं सांगितलं, भिंगासकट. मॉरीनने आधी मला मिठी मारली आणि मग भिंतीला लाथ. अर्नीचा नियम तिथल्या तिथे रद्द झाला. ज्या पोराने तो शब्द काढला होता तो माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला, मी त्याला माफ केलं. त्याला कोणी खोटं सांगितलं होतं, ते मला ठाऊक होतं.

तेव्हा अर्नीचं नाव आता स्वच्छ आहे. राहिलास तू.

रविवारी मॉरीन पुढे असेल. तिच्या मागे तू असशील, तशी जागाच ठेवली आहे. डोंगरावरच्या त्या उघड्या फाट्यावर, जिथे समुद्राकडून वारा येतो, ती जमिनीकडे बोट करील आणि तू थांबशील. मग आम्ही सगळे एकेक करून तुझ्या जवळून जाऊ. कोणी हात करणार नाही.

शेपटाला मी आहे. मी कधी येईन ते विचारू नकोस, मी अजून ठरवलेलं नाही. वाटेत कॉफी घेईन, गाडी थांबवून समुद्र बघेन. फाटा सोडून तू जेवणाच्या ठिकाणी आलास तर सगळे तिथे बसलेले असतील आणि तू पुन्हा सुटलास हे डोळ्यांनी बघतील. उभा राहिलास, तर उभा राहा. अर्नी तुला शोधत होता तेवढा वेळ तरी राहा. त्याहून जास्त किती, ते मी बघेन.

आजारी पडायचा विचार करत असशील तर एक सांगते. आयव्हीला मी अजून काहीही कळवलेलं नाही. ती माझी मैत्रीण आहे आणि तिचा गुडघा ताजा आहे. रविवारी तू फाट्यावर दिसला नाहीस, तर सोमवारी मी तिच्या उशाशी बसून तिला सगळं सांगेन, हळू आवाजात, तुझी पाई खायची पद्धतसुद्धा.

उन्हाळा सरलाय, वर थंडी असेल. गरम कपडे घालून ये.

सगळ्यांच्या मागून येणारी,
ग्वेन