डाव्या हाताचा गिलावा

दि. ४ मार्च

ताईस,

धाकट्याचा नमस्कार. भाऊजींनाही सांग. मुलं मोठी झाली असतील. किती मोठी, ते मला माहीत नाही.

कारण एकच असतं तर शाळेत शिकवल्याप्रमाणे 'पत्रास कारण की' असं लिहून मोकळा झालो असतो. इथे चार-पाच कारणं एकमेकांत अडकून बसली आहेत. त्यातलं सरळ दिसतंय ते आधी सांगतो. घर विकलं. आजोबांच्या दोन खोल्या, बाबांनी वाढवलेल्या तीन, मागचं अंगण, लिंबाचं झाड, कोंबड्यांचं खुराडं, सगळं एका दंतवैद्याने घेतलं. तो हे पाडून दवाखाना बांधणार आहे. एकतीस तारखेला किल्ली द्यायची. तुझी सही वकिलाने परस्पर तुझ्याकडून आणली, ती मी बघितली. अक्षर अजून तसंच आहे तुझं.

आई बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते, कोंबड्यांना शिव्या देते. कोंबड्या जाऊन सहा वर्षं झाली. मला कधी नावाने हाक मारते, कधी "अहो मिस्त्री" म्हणते. दिवसभर स्वयंपाकघरात खुर्ची टाकून मागच्या भिंतीकडे तोंड करून बसते. खुर्ची खिडकीकडे वळवली की चिडते.

आता दुसरं कारण. आईचा डबा. तो बिस्किटांचा निळा पत्र्याचा, बांगड्या आणि साखळी ठेवायची तो. महिन्यापूर्वी जेवताना मध्येच म्हणाली, "डबा घेतल्याशिवाय मी इथून हलायची नाही."

मी म्हटलं, "आई, डबा नाही आता."

"नाही कसा? मीच लपवलाय."

कुठे, ते विचारलं की रोज नवी जागा. सोमवारी लिंबाखाली, मंगळवारी खुराड्याखाली, बुधवारी बाबांच्या बुटात. बूट बघून झाले. अंगणावरून गाढवाचा नांगर फिरल्यासारखं झालंय. तुझी भावजय म्हणते, दंतवैद्याचं पाया खणायचं काम आपण फुकटात करून देतोय.

शेवटी धातू शोधायचं यंत्र असलेला एक माणूस बोलावला. यंत्र दिवसभर कोकलत होतं. निघालं काय, तर तीन बिजागऱ्या, सायकलचं मडगार्ड, तू लहानपणी पुरलेला चमचा (त्यापायी मार मी खाल्ला होता) आणि बाबांचा ओळंबा. तो पितळी, भिंत सरळ उभी राहिलीय का ते बघायचा. आठवतं ना, तो हरवला तेव्हा बाबांनी शेजारच्या नळवाल्यावर आळ घेतला आणि मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत? खुराड्याखाली होता, हातभर खोल. नळवाला गेल्या वर्षी वारला. मी ओळंबा घासूनपुसून खिडकीत टांगून ठेवलाय. दुसरं काय करणार?

भिंतीही ठोकून झाल्या. गवंड्याला पोकळ जागा बोटाच्या पेराने कळते. पाचही खोल्या पालथ्या घातल्या. फक्त स्वयंपाकघराची मागची भिंत सोडली, कारण बाबा दवाखान्यात होते तेव्हा ती मीच दुरुस्त केली होती. आपल्याच हातच्या कामात काय शोधायचं?

डोकं चालेनासं झालंय बघ. आईचं बोलणं भ्रमातलं म्हणावं तर शोध बंद करता येतो. आणि खरं म्हणावं, तर. हे वाक्य मी तीनदा लिहायला घेतलं, पुढे जात नाही. आई तुझ्याजवळ कधी काही बोलली असेल तर कळव. वाकड्या अर्थाने विचारत नाहीये.

बाबांचा चष्मा कपाटात आहे, होता तसाच. हवा असेल तर पाठवतो.

तुझा
धाकटा भाऊ

•

दि. १९ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ: "माझ्या पिशवीचं अस्तर बघायचं राहिलं होतं का?"

ते आधी तुझ्या भावजयीच्या हाती पडलं. तिने विचारलं, "कसली पिशवी?" ती या घरात आली ती त्या सगळ्याच्या नंतर. तुझं-माझं पटत नाही एवढंच मी तिला सांगितलं होतं. कार्ड समोर धरून ती उभी राहिली, तेव्हा सांगावं लागलं. तिला सांगितलं ते तुलाही लिहितो. तू तिथे होतीस, तुला सगळं ठाऊक आहे, पण माझ्याकडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

बाबांना जाऊन पाच दिवस झाले होते. कपाटात डबा नव्हता आणि किल्ली तुझ्याकडे होती. पुढच्या खोलीत आत्या होती, दोन्ही काका होते. तू परत निघायच्या तयारीत होतीस. आत्या एवढंच म्हणाली, "किल्ली कुणाकडे होती?" बाकीचं सगळं मी केलं. तुझी पिशवी सगळ्यांसमोर पलंगावर उलटी केली. दोन कपडे, कंगवा, बाबांच्या औषधांची रिकामी पाकिटं आणि बाबांचा चष्मा. चष्मा बघून मी म्हणालो, "हा पण?"

तू चष्मा टेबलावर ठेवलास, कपडे भरलेस आणि निघालीस. पिशवीत डबा निघाला नव्हता, तरी मी तुला थांब म्हणालो नाही. मागच्या पत्रात मी ओळंब्याबद्दल एवढं लिहिलं, ते हे लिहायला लागू नये म्हणून.

आता पुढचं. हे मला नीट क्रमाने लिहायचंय, पण क्रम राहत नाही.

शनिवारी सकाळी आईला चहा द्यायला गेलो. पाठ धरली होती म्हणून तिच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसलो. त्या वेळी खिडकीतून ऊन तिरपं येतं. तिरप्या उन्हात गिलाव्यावर घोटायच्या फळीचे फेर दिसतात, एरवी दिसत नाहीत. सगळी भिंत बाबांच्या हातची, सगळे फेर एका अंगाला झुकलेले. आणि मध्ये, आईच्या डोळ्यांच्या अगदी समोर, दीड वीत जागा अशी की फेर उलट्या अंगाला. डावखुऱ्याचे. बाबा म्हणायचे आठवतं? "डावऱ्या, मी आंधळा झालो तरी हात फिरवून तुझं काम ओळखीन."

उठलो आणि ठोकलं. पोकळ.

जुन्या चुलीच्या धुराड्याचं भोक होतं तिथे. बाबा दवाखान्यातून घरी आले की त्यांना गार वारा लागू नये म्हणून मी ते बुजवलं होतं. त्यात गोणपाट कोंबलेलं होतं, हे आता आठवतं. उंदरांसाठी कुणी कोंबलं असेल म्हणून मी ते आणखी आत ढकललं, पुढे विटांचे तुकडे लावले, वरून गिलावा केला. बाबा येऊन बघणार म्हणून चांगला दोनदा घोटला. बाबा काही ते बघायला आले नाहीत. दहा दिवसांनी मी तुझी पिशवी उलटी केली.

छिन्नीने नाण्याएवढं भोक पाडलं. बॅटरी लावून बघितलं. आत गोणपाट आणि ते फाटलं होतं तिथे निळा पत्रा.

मला रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. मी आईला विचारलं, "इथे तू ठेवला होतास?"

"मग कुठे ठेवणार? कामाला सतरा माणसं आणली होतीस घरात. मी दवाखान्यात, कपाटाचा काय भरवसा?"

"आणि मी हे बुजवलं, ते तुला दिसलं नाही?"

"दिसलं की. छान केलं होतंस."

"आई, मग बोलली का नाहीस तेव्हा?"

तिने चहा संपवला. मग माझ्याकडे अगदी नीट, ओळखून बघितलं आणि म्हणाली, "तुला सोसलं नसतं. ती सोसते." लगेच म्हणाली, "मिस्त्री, साखर कमी झालीय."

ताई, याचं मी काय करू? तिला तेव्हाच कळलं होतं आणि तरी तिने तुला बारा वर्षं दूर राहू दिलं, असं असेल? की सगळं विसरली होती आणि आता मी विचारलं म्हणून तोंडाला येईल ते बोलली? दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तर म्हणाली, डबा लिंबाखाली आहे. मग ती रोज त्या भिंतीकडे का बघत बसते? की मीच आता तिच्या बसण्याला अर्थ चिकटवतोय? हे तुला कळवावं की नाही, यात चार दिवस गेले. शेवटी म्हटलं, तुझ्यापासून काय लपवायचं आणि काय नाही, हे ठरवायचा हक्क मी केव्हाच घालवला आहे. पण एक गोष्ट आईवर ढकलता येत नाही. ती बोलली नाही. पिशवी मी उलटी केली.

तुझी भावजय "काखेत कळसा" म्हणाली आणि हसायला गेली, पण पुढचं बोलली नाही. आत जाऊन तुझं कार्ड तिने कपाटात चष्म्याशेजारी ठेवलं.

काल ओळंबा घेऊन नळवाल्याच्या मुलीकडे गेलो. तुमच्या वडिलांनी घेतला नव्हता, हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं. ओळंबा हातात घेतला नाही. म्हणाली, "मला माहीतच होतं ते. तुम्ही आता कुणाला सांगायला आलात?" मी तसाच परत आलो.

म्हणून तुला घाई करतोय.

डबा मी बाहेर काढलेला नाही. भोक पुन्हा बुजवलं आहे, ओल्या गिलाव्याचा डाग अजून दिसतो. असं का केलं ते त्या वेळी मलाही कळलं नाही. आता थोडं कळतंय. एकट्याने काढला असता तर सापडला म्हणून सगळे खूश झाले असते, आणि तुझ्या पिशवीचं नाव कुणी काढलं नसतं. मीही नाही.

अठ्ठावीस तारखेला सकाळी दहाला आत्या येणार आहे. धाकटे काका येणार आहेत. थोरले काका अंथरुणाला खिळलेत, त्यांचा मुलगा येईल. त्या दिवशी त्या खोलीत जे होते त्या सगळ्यांना बोलावलं आहे, आणि कशासाठी तेही सांगितलं आहे. आत्या म्हणाली, "झालं गेलं, कशाला उकरायचं?" मी म्हटलं, सबंध अंगण उकरलं, आता एवढंच राहिलंय.

तू ये. माफ कर असं लिहीत नाही, ते तोंडाने म्हणायचंय, त्यांच्यासमोर. तू आली नाहीस तर दंतवैद्य वाट बघेल. तू येईपर्यंत त्या भिंतीला मी कुणाला हात लावू देणार नाही, आणि आईही हलणार नाहीच.

हातोडा बाबांचा आहे, तो तुझ्या हातात देईन. छिन्नी मी धरीन, डाव्या हातात. नेम चुकला तरी चालेल.

तुझा
डावऱ्या