शतंजीव कुणाच्या घरचं?

शनिवार, १४ नोव्हेंबर १९८७
वेस्ट विंडसर

राग अजून उतरत नाही, म्हणून लिहायला बसले.

सुधीरचे बॉस आज जेवायला आले होते. सारातल्या मिरपुडीने त्यांना शिंक आली आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "शतंजीव!" शंभर वर्षं जगा, असा अर्थही मी सांगितला. त्यांना गंमत वाटली. हे आलं कुठून, म्हणून विचारलं. तर सुधीर हसत म्हणाला, "शिंकताना नाकातून भूत शिरतं म्हणे. माझ्या वाइफच्या गावची सुपरस्टिशन. आमच्याकडे असलं काही नव्हतं."

माझ्या गावची? माझ्या माहेरी, नागपुरात, कुणी शिंकलं की 'रुमाल घे' म्हणायचे, बस्स. शतंजीव मला शिकवलं सासूबाईंनी, वाईच्या घरात. मी इकडे यायला निघाले तेव्हा म्हणाल्या, "तिथे मी नसेन. तो शिंकला की तू म्हणत जा गं." अकरा वर्षं एकही शिंक चुकवली नाही. त्या गेल्या तेव्हा हाच म्हणाला होता, तू शतंजीव म्हणतेस तेव्हा आईच बोलल्यासारखं वाटतं.

आणि आज नाकारलं कुणाला? मला, की स्वतःच्या आईला?

पाहुणे गेल्यावर भांडी पुसताना तो शिंकला. आतून मीनल ओरडली, "ब्लेस यू, बाबा!" तरी हा ताट हातात धरून थांबलेलाच.

मी नळ मोठा सोडला. त्या आवाजात शतंजीव म्हटलं, त्याला ऐकू जाणार नाही असं. सासूबाईंसाठी.