घटासाठी निवडलेले दाणे

भा. व. ११
बायको वारल्याला साडेपाच महिने झाले. घरात बसवत नाही. शाळा सुटली की बेटाच्या टोकापर्यंत जातो, परत येतो, पुन्हा जातो. काम काही नसते. गोदावरीचे दोन्ही फाटे अजून भरलेले. पलीकडे जायला नाव म्हणून बाबू भोयाची गूळ कढवायची जुनी काहील, तेवढीच.

वरून हुकूम आहे, मुलांना शेती शिकवावी. मी कधी पेरायची पाभर धरलेली नाही. पुस्तकात पाहून आज बियाणे तपासायला शिकवले. पाटलांच्या जमिनीखालच्या पेवातला शाळू घेतला. सगळे बेट तोच पेरते. शंभर-शंभर दाणे दोन ओल्या फडक्यांत. पाटलांची नात गोदी म्हणाली, "जमिनीत उगवतंय की मास्तर, फडक्यात कशाला?" सगळे हसले.

अमावास्या
फडकी सोडली. गोदीने कोंब मोजले, मग बाकीच्यांनी. एकात एकोणतीस, दुसऱ्यात तेहेतीस. श्रावणातल्या पुरात पेवात पाणी गेले होते. पाटलांनी उन्हात वाळवून परत भरले. दिसायला दाणा चांगला दिसतो.

पाटलांकडे गेलो. म्हटले, हे दळून खावे, पेरायला गेवराईहून आणावे.
"बी खायाचं? लोक थुकतील तोंडावर. पोरांचा खेळ हाय त्यो. उद्या घट बसतील, घट सांगंल."
बाहेर पडलो. हे पेरले तर बेट वर्षभर काय खाणार.

आ. शु. १
घरोघर घट बसले. पत्रावळीवर माती, मातीत पेवातलेच दाणे. माझ्याकडे नाही, तिचे वर्ष व्हायचे आहे. शाळेला सुट्टी. तीनदा नदीवर.

आ. शु. ५
पाटलांनी बोलावून देवघरातला घट दाखवला. दाट, हिरवा, बोटभर.
"बगा. आता बोला, मास्तर."
परवा पेरणीला तिफणी जुंपायच्या. पेरणीजोगा वाफसा आणखी सात-आठ दिवस राहील म्हणतात.

घट असा का येतो, मला ठाऊक आहे. गेल्या नवरात्रात ती सूप घेऊन बसली होती. टपोरे दाणे एकेक करून निवडत होती, घटापुरते. विचारले तर म्हणाली, "कमी उगवलं तर घरच्या बाईवर येतं. साऱ्याच निवडतात. कुणाला सांगू नका हो." दुसरे काही तिने माझ्याजवळ मागितल्याचे आठवत नाही.

जेवण केले नाही. न सांगावे तर

आ. शु. ६
सांगितले. पारावर, दहा-बारा माणसांत. नुसते बायका निवडतात म्हणून भागले नसते, तिचे नाव घ्यावे लागले. मागून कोणी बोलले, "मास्तरची बायको गेली अन् मास्तरचं डोस्कंबी." दोघे हसले.

पाटलांच्या आई, थोरल्या बाई, पारासमोर वाड्याच्या दारात उभ्या होत्या. पाटलांनी चेष्टेने विचारले, "काय गं आई, तू बी निवडती का काय?"
"तुज्या बापाच्या वक्तापासनं निवडते. तवा कुनी इचारलं न्हाई."
आणि आत गेल्या. मग कोणी हसले नाही. पाटील पागोटे काढून बसले, पुन्हा घातले. तिफणी थांबवल्या. गेवराईचे मात्र नाव काढले नाही.

आ. शु. ७
सुट्टी असून थोरल्या बाई शाळेत आल्या, गोदीला घेऊन. पदरात शाळू. "डोळं मिटून घेतलाय. घाला तुमच्या फडक्यात." गोदीकडून शंभर मोजून घेतले. एक फुटका दाणा ती बाजूला सारत होती, बाईंनी तिच्या हातावर चापट मारली.
"किती आलं तर पेरायचं?"
"सत्तर तरी."
"अन् पन्नास आलं तर?"
पुस्तकात तसे नाही.
जाताना दारात थांबल्या. "कुनाला सांगू नका म्हनली आसंल तुमची मंडळी."
होय म्हटले.
"मीच शिकवलं हुतं तिला."

आ. शु. ९
फडके उघडायला अजून दोन दिवस. दहा वेळा जाऊन पाहिले. थोरल्या बाईंनी पाणी शिंपडायचे काम स्वतःकडे घेतले आहे, मला हात लावू देत नाहीत. पाटील वाड्यात येरझारा घालतात, मी नदीवर.

नदी हातभर उतरली. वरच्या अंगाला ढग आहेत. बाबू भेटला. "जाऊ का न्हाई गेवराईला? पाटील हां बी म्हनंनात, न्हाई बी म्हनंनात. फुडं पानी चढलं तर मी न्हाई बाबा जानार."

मला हुकूम देण्याचा अधिकार नाही. तरी म्हटले, काहील पाण्यात घालून तयार ठेव.