दार लावू नका

बडा गणपती, इंदूर
२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. ऋजुतास,
अनेक आशीर्वाद.

मी फोन उचलत नाही म्हणून तू रागावली आहेस, असं अनीशरावांनी सांगितलं. फोन चार्जिंगला आहे. शेजारी तुझ्या आईची चिठ्ठी आहे, ‘चार्जिंगला लावलाय, हात लावू नका.’ चिठ्ठी एकोणीस ऑगस्टची आहे. तेव्हापासून तो चार्ज होतो आहे.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शिफ्टला आणि ती शाळेत, त्यामुळे आमचं निम्मं बोलणं चिठ्ठ्यांवरच झालं, हे तू पाहिलंच आहेस. त्या दिवशी ती तुझ्या बाळासाठी लोकर आणायला राजवाड्याच्या बाजारात निघाली, तेव्हाही नेहमीसारख्या चिठ्ठ्या लावून गेली. ती परत आली नाही. चिठ्ठ्या आहेत. आमच्या खात्यात नियम होता की संदेश ज्याने दिला त्यानेच तो रद्द करायचा. छत्तीस वर्षं मी तो पाळला, आता मोडवत नाही.

म्हणून दूध बंद आहे (‘आज दूध नको’), आणि कुकरवर ‘आज मुगाची खिचडी’ लिहिलेलं असल्यामुळे रोज तीच होते. मुख्य दाराला आतून चिठ्ठी आहे, ‘दार लावू नका, मी आलेच.’ दार पंचाहत्तर दिवस उघडं आहे. परवा एक गृहस्थ आत येऊन बसले. काळा चहा दिला. अर्ध्या तासाने जबडा धरून त्यांनी विचारलं की नंबर कधी लागेल. ते शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडे आले होते.

बाळंतपणासाठी मी सिमरोलला यावं असं तू म्हणतेस. आई नाही तर निदान मी असावं, हे मला कळतं. पण उघडं घर टाकून कसा येऊ?

प्रकृतीला जप. लोभ आहे, तो तसाच राहू दे.
तुझा,
बाबा

सिमरोल
८ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी मला पलंगावरून हलायची बंदी केली आहे, नाहीतर मीच येऊन सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या असत्या. अनीशला त्यासाठीच तीन रविवार पाठवलं. तिन्ही वेळा तो खिचडी खाऊन परत आला. विचारलं तर म्हणाला की फ्रिजवर ‘अनीशरावांना जेवल्याशिवाय सोडू नका’ अशी चिठ्ठी आहे आणि बाबा उंबऱ्यात उभे राहतात.

बाबा, तुमच्या खात्याचा नियम आमच्या प्रयोगशाळेतल्या माशांना लागू नाही. झेब्रा माशाच्या गर्भात शंभरएक पेशींचा एक घोळका कानामागून निघतो आणि शेपटीपर्यंत चालत जातो. त्यांच्या वाटेवर ‘इकडे या’ असा रासायनिक निरोप सगळीकडे सारखाच पसरलेला असतो. सगळीकडून सारखंच बोलावणं आलं तर जायचं कुठे? म्हणून घोळक्यातल्या मागच्या पेशी तो निरोप गिळून टाकतात. मागे निरोप उरत नाही, पुढे असतो, म्हणून पुढच्यांना दिशा कळते. ज्या माशांत हे गिळणंच बिघडतं, त्यांचा घोळका वाटेतच अडकून राहतो.

म्हणजे निरोप पाठवणारा रद्द करत नाही, बाबा. ज्याला मिळाला तोच संपवतो. तुमचा घोळका एकट्याचा आहे आणि बडा गणपतीला अडकलाय.

तारीख बारा डिसेंबर आहे. मला भीती वाटते. हे अनीशला सांगितलेलं नाही.

तुमच्या मायेची वाट पाहणारी,
ऋजुता

बडा गणपती, इंदूर
१६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. ऋजुतास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पद्धत पटली. सोमवारपासून मी चिठ्ठ्या गिळतो आहे.

पहिली दुधाची घेतली, पोह्यांबरोबर, वरून जिरावण मसाला टाकून. कागद चिवट होता. समोरचा सुधाकर नेमका आत आला (दार उघडंच आहे) आणि भाभीजींच्या दुःखाने भिया का दिमाग गया, असं ओरडत बायकोला बोलवायला धावला. मी तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. मग तो बसला. मासे पण हेच करतात का, असं त्याने दोनदा विचारलं आणि एक चिठ्ठी स्वतः घ्यायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. त्या माझ्या नावाच्या होत्या.

बुधवारी फोनची घेतली. फोन फुगून उशीसारखा झाला आहे, म्हणून पत्रच लिहितो. खिचडीची चिठ्ठी गिळल्यावर वांग्याची भाजी केली. मीठ जास्त पडलं, पण खाल्ली. फ्रिजवरचीही घेतली, त्यामुळे अनीशराव आज न जेवता निघू शकतात.

दाराची राहिली. तोंडापर्यंत नेली होती. ‘मी आलेच’ मधल्या ‘च’ची शेपटी तिने घाईत लांब ओढली आहे. ती पाहिली आणि परत जागेवर चिकटवली. ही माझ्याने व्हायची नाही. मला माफ कर.

आठवण ठेव. मी ठेवतोच.
तुझा,
बाबा

सिमरोल
१९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

कागद खायचे नव्हते, बाबा! मी पेशींबद्दल लिहिलं होतं, माणसांबद्दल नाही. डॉक्टरांना फोन करून विचारलं की एखाद्याने चिठ्ठ्या खाल्ल्या तर काय होतं. त्या म्हणाल्या, गरोदरपणात असे डोहाळे लागतात, घाबरू नको. मी इतकी हसले की पोटातलं बाळ उलटंपालटं झालं. मग रडले.

दाराची गिळू नका. आईचा शेवटचा डबा माझ्याकडे आहे. त्यात तिची चिठ्ठी आहे, ‘डबा परत आण.’ मी तो अजून आणलेला नाही, म्हणजे मीही तुमचीच.

एक सांगायचं राहिलं होतं. तो घोळका चालताना ठिकठिकाणी थोड्या पेशी मागे ठेवत जातो. त्या तिथेच राहतात आणि पाणी हललं की माशाला कळवतात. पण घोळका त्यांच्यासाठी थांबत नाही.

काहीही करा, पण या. तुमच्या आशीर्वादांवर माझा हक्क आहे.
ऋजुता

बडा गणपती, इंदूर
२३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. ऋजुतास,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी येतो. लोडिंग रिक्षा ठरवली आहे, कारण दार बरोबर आणतो आहे.

दार लावायचं नाही आणि घर उघडं टाकायचं नाही, यावर दुसरा उपाय सुचला नाही. रामभाऊ सुतारांनी काल जुनं दार बिजागऱ्यांसकट उतरवलं. चिठ्ठी तशीच आहे, वरून प्लास्टिक लावून घेतलं. चौकटीत नवीन दार बसवलं. त्यावर कसलीच चिठ्ठी नव्हती, त्यामुळे ते लावता आलं. पहिल्यांदा कडी घातली तेव्हा बराच वेळ तिथेच उभा होतो. रामभाऊ हत्यारं आवरत राहिले.

तुमच्या क्वार्टरमध्ये दार भिंतीला टेकवून ठेवू. कुठे बसवायचं नाही, म्हणजे कुणाच्या हातून चुकून लागणार नाही. सात फूट आहे, अनीशरावांना जागा मोजून ठेवायला सांग. लोकरीच्या दुकानाची पिशवीही आणतो. अपघातानंतर पोलिसांनी ती तेव्हाच दिली होती. पिवळी लोकर आहे. मी उघडली नव्हती.

दातांच्या डॉक्टरांना सांगितलं की आता तुमची माणसं तुम्हीच सांभाळा.

निघताना नव्या दाराला बाहेरून एक चिठ्ठी लावणार आहे. आत्ताच लिहिली: ‘ऋजुताकडे सिमरोलला आहे. किल्ली सुधाकरकडे. वाट पाहू नको, जेवून घे.’

ही माझी आहे. रद्द करायची तेव्हा मीच करीन.

बाकी भेटीअंती.
तुझा,
बाबा