बाबू तांडेलाचे माप

३ नोव्हेंबर २००४, आचरा
खारेपाटणहून सकाळच्या एस.टी.ने आलो. सामान म्हणजे दोन ट्रंका आणि तिसरी ते सातवीची जुनी क्रमिक पुस्तके. घरमालकीण राधाबाईंनी माडांतली खोली झाडून ठेवली होती. खिडकीत खाडी. सदतीस वर्षे मुलांना कविता शिकवल्या, आता स्वतःसाठी चालीवर म्हणायच्या. सायंकाळी एक म्हटली, तर राधाबाई म्हणाल्या, ह्याच कवितेपायी तिसरीत माका छडी बसली होती.

६ नोव्हेंबर
जन्मभर मळखाऊ टेरिकॉट घातले. आता लहर आली, लहानपणच्या हेडमास्तरांसारखा बंद गळ्याचा लांब कोट शिवावा. बाजारात सिराज शिंप्याच्या भिंतीवर त्याच्या वडिलांनी कापलेले कागदी साचे टांगलेत. एकाच्या खांद्याचा उतार असा की ओवीच वाटावी.
सिराज म्हणाला, तो नको. त्यांच्या घरची रीत अशी की गिऱ्हाईक वारले की त्याचा साचा ओहोटीला खाडीत सोडायचा, म्हणजे माणूस सुटतो. हा साचा बाबू तांडेलाचा. पन्नास साली लग्नाच्या कोटाचे माप देऊन गलबतावर गेला तो बुडाला. प्रेत मिळाले नाही, आणि नेमलेली नवरी सत्यवती साचा सोडू देईना.
मी हसलो. कागदाला कसले सुतक? म्हटले, सुताचाही फरक न करता असाच काप.

१४ नोव्हेंबर
कोट आला. खांद्यात ढगळ, डावी बाही चार बोटे लांब. तरी आरशात कोणी रुबाबदार गृहस्थ उभा होता. राधाबाईंनी विचारले, गुर्जी, नवरो झालास, व्हकल खंय आसा? व्हकल म्हणजे नवरी. बाजारातून उगाच दोन फेऱ्या मारल्या. मासळीवाल्याही वळून बघत होत्या. छान वाटले, खोटे कशाला बोलू.

१९ नोव्हेंबर
कोट अंगाबरोबर बसतो आहे. सिराजने गुपचूप दुरुस्त केला असावा. तो शपथेवर नाही म्हणतो.
आज जुना शर्ट घातला. डावी बाही मनगटाच्या चार बोटे वर राहिली.

२३ नोव्हेंबर
चार दिवस कोट खुंटीवर आहे. तरी तळहातांना घट्टे पडलेत, दोर ओढणाऱ्याचे. कवितेचे दुसरे कडवे आठवेना. वय झाले, दुसरे काय.
देवळाच्या वाटेवर एक म्हातारी थबकली. तोंडाकडे पाहिलेच नाही तिने, माझ्या चालीकडे पाहत राहिली. राधाबाई म्हणाल्या, ती सत्यवती. दुपारी तिने राधाबाईंबरोबर बांगड्याचे तिखले, झणझणीत कालवण, धाडले. निरोप एवढाच, त्यांका आवडता.
मी जन्मात मासा खाल्ला नव्हता. वाडगा पुसून खाल्ला.

२६ नोव्हेंबर
सिराजने आज माझे माप घेतले. खांदा, छाती, हात, सगळे साच्याशी सुताने जुळले. त्याने पुन्हा एकदा टेप लावून पाहिले.
म्हटले, सोड तो साचा, आत्ताच. त्याने हळूच विचारले, गुरुजी, ह्या मापाचो माणूस आता कोण? कोणाक सोडू?

२८ नोव्हेंबर
कोट न्हाणीच्या चुलीत घातला. खांदा तसाच. कवितांची नुसती नावे उरलीत. पुस्तक उघडले, अक्षरे तोंडओळखीची, पण —
राधाबाईंना विचारले, बाबू शिकलेला होता का. म्हणाल्या, खंयची शाळा, अंगठो लावी.

२९ नोव्हेंबर
ठरवले. साच्याबरोबर मी गेलो तरी चालेल, पण मीच म्हणून जाईन. साचा सोड, हे सांगायला सिराजकडे गेलो. तोंडातून निघाले, साचो जपून ठेव रे. माझा आवाज नव्हता. सिराजने मान खाली घातली.
बोलणे गेले. लिहिणे अजून माझे आहे. चिठ्ठीच —

३० नोव्हेंबर, दुपार
सत्यवती पायरीवर बसली आहे. हिरवा चुडा भरलाय. राधाबाईंनी दार लोटले नाही. तिने बाबू म्हणून हाक मारली — मी ओ दिली —
माझे नाव तुका. तुकारा. पुढे एक अक्षर होते.
चिठ्ठी लिहितो. लवकर. ती आत येते —
सिराज, साचा सो