कोसमघाटचा डोंगा

कोसमघाट, ता. ३ सप्टेंबर १९५८

ती. भैयाजींस,

धाकट्या इंदूचा नमस्कार. मी खुशाल आहे. वहिनी आणि मुले बरी असतील. दोन वर्षांत तुमचे उत्तर आले नाही, पण वैनगंगेच्या पुराची बातमी नागभीडला पोचली असेल, तुम्ही काळजीत असाल म्हणून लिहिते.

नदीपलीकडची टोली, ती रानातली वस्ती, पाण्याने वेढली. तीस माणसे टेकाडावर अडकली, त्यात दिवस भरलेली मंगली. तिला कळा सुरू झाल्याचे पलीकडून ओरडून सांगत होते. आमच्याकडे नाव म्हणून डोंगा एकच. वारलू ढीवर म्हणाला सरळ जाऊ, कोतवाल म्हणाला आधी धान्य पोचवू, मी नर्स, म्हणाले आधी मी जाते. सगळे एकदम. डोंगा दोनदा धारेला लागून रिकामाच परत आला.

तेव्हा सुकरी काठावर फतकल मारून बसली. ती टोल्यांमधली म्हातारी सुईण. "सारेच बोलून राह्यले. आयकते कोन?"

आम्हीही बसलो. मग कुठे झिंगूचे बोलणे कानी आले. तो रानातला, सकाळपासून तेच सांगत होता: "वरच्या वळणावून सोडा. धारच नेते टेकाडाले." वारलूने वळण पाहून मान डोलावली. ठरले, पाण्यावर वारलूचा शब्द, काठावर कोतवालाचा. "अन् बाळंतिणीपाशी?" वारलूने माझ्याकडे पाहिले.

"सुकरीबाईचा," मी म्हणाले.

भैयाजी, याच बाईला मी गेल्या साली चारचौघांत घाणेरडी म्हटले होते. आणि मंगलीचे मूल आडवे होते; तसले मूल मी एकटीने कधी सोडवले नव्हते, हे कोणालाच सांगितले नव्हते. टेकाडावर तिने माझा साबण मागून कोपरापर्यंत हात धुतले, पोटावरून मूल हळूहळू फिरवले. "तू नाळ पाह्य, बाई," म्हणाली. मुलगी झाली, ठणठणीत. दिवस मावळायच्या आत तीसही जण अलीकडे आले, आणि शाळेत एकाच पातेल्यातला भात सगळे जेवले. कोतवालसुद्धा. झिंगूच्या नकलांनी हसून हसून माझे पोट दुखले. हे गेल्यापासून इतकी मी कधी हसले नव्हते.

आता खरे सांगते. उन्हाळ्यात मी राजीनामा लिहून ठेवला होता. विधवा बहिणीने रानात नोकरी करू नये, हे तुमचेच बरोबर, असे म्हणत तुमच्या दारी येणार होते. काल तो फाडला.

दिवाळीला तुम्हीच या. राग घेऊन आलात तरी चालेल.

तुमची, पण आता इथलीच,
इंदू