रेडिओतल्या काकांचा परसाद

दुर्गे,

तुला उठवलं न्हाई. सायबाला घेऊन खेडला निघालोय. भाकरी झाकून ठेवलीय, तेवढी खा. माझीबी कालची तशीच पडलीय.

गाडीतला रेडिओ घोगरा का बोलतोय ते कळलं. आज आवाज नीट पायजे, न्हाईतर दुसरा डायवर बघतो, असं सायेब म्हणालेत. बॅटरी बघितली, एरियलची तार पुसली, नवा व्हॉल्व घातला, तरी घरघर थांबंना. शेवटी आज तांबडं फुटायला आवाजाची जाळी खोलली. आत कर्ण्याच्या कागदावर फुटाणे आन बत्ताशाचा चुरा. आवाज झाला की तेच थरथरायचं.

आपली गंगी शनवारी मारुतीचा परसाद मुठीत घेऊन गाडीत येऊन बसायची. "काका बोलून बोलून दमत्यात, त्यांना भूक लागत असंल," म्हणायची. मला वाटलं, पोर नुसतीच बोलतीय. जाळीच्या फटीतनं ती त्यांना खरंच भरवत व्हती, हे तिला माती देऊन आल्यावर आज कळतंय.

सगळं वाटीत काढलं आन रेडिओ लावला. आवाज लख्ख आला. मला ऐकवंना. एकेक दाणा परत आत टाकला आन जाळी आवळून टाकली.

सायबाला सांगणार, दुरुस्त व्हत न्हाई. सांजच्याला गाडीबिगर चालत आलो, तर काय इचारू नको.

चिमाजी